खोळंब्याचे पैसे कुणाचे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोऱ्याला राहणाऱ्या माणसाला खोळंबा म्हणजे काय, हे कुणी शिकवावं लागत नाही. भाऊच्या धक्क्यावरून आमच्याकडे लाँच येते. भरती असली तर तासाभरात माणूस घरी. पण मोठी ओहोटी लागली, की मोरा बंदरात पाणी उरत नाही, गाळ उरतो. लाँच धक्क्याला लागत नाही, तेवढ्या वेळापुरत्या फेऱ्या बंद राहतात. मग मुंबईला निघालेला माणूस पिशवी मांडीवर घेऊन बसून राहतो. समोर घारापुरीचा डोंगर, पाठीशी द्रोणागिरी आणि मध्ये चिखलात तिरपी झालेली होडकी. कामाचा खाडा होतो, दवाखान्याची वेळ चुकते, सोयरिकीची बोलणी राहून जातात. पण त्याबद्दल कुणाकडे पैसे मागायचे असतात, हे आमच्या कुणाच्या डोक्यात कधी आलं नाही. भरती-ओहोटीवर दावा कोण लावणार?

विमानाचं तसं नाही. आणि विमान आता आमच्या उशाशीच आलं आहे. पनवेल तालुक्यातल्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडू लागली. ज्यांच्या आजोबांनी मुंबईखेरीज दुसरं शहर पाहिलं नव्हतं, त्यांची नातवंडं सुट्टीत काश्मीर, केरळ, दुबई करून येतात. एकट्यानं नव्हे, अख्खं घर उचलून. तिकिटं एकाच्या फोनवरून निघतात, पैसे एकाच्या कार्डावरून जातात. सगळं सुरळीत झालं तर फोटो वाटून घेतात आणि विषय संपतो. पण विमान रखडलं आणि त्याचे पैसे मिळाले, तर ते कुणाचे, हा प्रश्न घरात उभा राहतो. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी पैसे मिळतात कधी, ते पाहू. आपल्याकडे पुष्कळांचा समज असा, की विमानाला चार तास उशीर झाला म्हणजे कंपनी नोटा मोजून देते. तसं नाही. देशातल्या विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे याबाबतचे नियम २०१० साली आले आणि १ ऑगस्ट २०१६ पासून त्यांतल्या रकमा वाढल्या. त्यांनुसार नुसत्या उशिराबद्दल रोख रक्कम नाही. ठरावीक वेळेपेक्षा जास्त थांबावं लागलं तर खाणंपिणं द्यायचं. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसऱ्या विमानाची सोय किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे परत, यांतलं प्रवासी निवडेल ते. फार लांबलं, किंवा रात्रीच्या विमानाला सहा तासांहून अधिक उशीर झाला, तर हॉटेल.

रोख भरपाई येते ती दोन प्रसंगी. एक, आधी न कळवता उड्डाण रद्द केलं तर. तेव्हा उड्डाण किती वेळाचं आहे ते पाहून पाच हजार, साडेसात हजार किंवा दहा हजार रुपये, किंवा एका बाजूचं मूळ भाडं आणि इंधन आकार, यांतली जी रक्कम कमी असेल ती. दुसरा प्रसंग म्हणजे हातात पक्कं तिकीट असून, वेळेवर हजर राहूनही जागा नाही म्हणून प्रवाशाला विमानात घेतलं नाही, तर. तेव्हा भरपाई दहा हजारांपर्यंत आणि फार खोळंबा झाल्यास वीस हजारांपर्यंत जाते. तासाभराच्या आत दुसऱ्या विमानात बसवलं तर मात्र काही नाही. धुकं, वादळ, पूर, संप असल्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांनी झालं असेल तरीही नाही. आणखी एक बारीक कलम आहे, त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही : तिकीट काढताना संपर्काचा नीट पत्ता-नंबर दिला नसेल, तर पैशांवरचा हक्क जातो. सात जणांच्या तिकिटांवर एजंटाचाच मोबाइल नंबर घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

युरोपाचा नियम याहून सढळ. तिथला २००४ चा कायदा फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला आणि २००९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं असं ठरवलं, की मुक्कामी पोचायला तीन तास किंवा त्याहून अधिक उशीर झाला तर रद्द उड्डाणाइतकीच भरपाई द्यायची. अंतरानुसार माणशी २५०, ४०० किंवा ६०० युरो. युरोपातून निघणारं विमान कुठल्याही देशाच्या कंपनीचं असो, हा नियम त्याला लागू. यंत्रात बिघाड झाला ही सबबही सहसा चालत नाही, तसा निकाल २००८ मध्येच झालेला आहे. मूल सवलतीच्या तिकिटावर असलं तरी त्याची भरपाई पूर्ण. मांडीवर फुकट बसवून आणलेल्या तान्ह्या बाळाला मात्र काही नाही.

या सगळ्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो : माणशी. इथेही आणि तिथेही नियम प्रवाशाकडे पाहतो, ज्याचं कार्ड घासलं त्याच्याकडे नव्हे. आता एका घराची गोष्ट सांगतो.

घर आमच्याच आळीतलं. नावागावाची गरज नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ही मंडळी युरोप पाहून आली. सात जणं होती. सत्तरी ओलांडलेली आई. थोरला मुलगा, त्याची बायको, त्यांची दोन मुलं. मधली बहीण, जी पनवेलला दिलेली आहे. आणि धाकटा भाऊ, अजून लग्नाचा. थोरल्याचं बरं चाललेलं आहे. आईचं, स्वतःच्या चौघांचं आणि बहिणीचंही तिकीट त्यानंच काढलं. बहिणीला म्हणाला, ‘माहेरची भेट समज.’ धाकट्यानं आपल्या तिकिटाचे पैसे स्वतः भरले.

परतताना पॅरिसला विमान अडकलं. रात्री नऊचं विमान सकाळी आठला सुटलं. काहीतरी बिघाड, एवढंच सांगत होते. हॉटेलात न्यायला बस येते, येते म्हणता म्हणता पहाट झाली. मुलं जमिनीवर जाकीट अंथरून झोपली. आईचे गुडघे धरलेले, ती बाकावर बसूही शकेना. बहिणीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि रात्रभर स्वतः ताठ बसून राहिली. खाण्याची कुपनं मिळाली ती एका सँडविचपुरती; बाकीचं खाणं आणि आईसाठी औषध बहिणीनं आपल्या कार्डावर घेतलं, आठेक हजारांचं. मुंबईत उतरवून घ्यायला ठरवलेली गाडी ताटकळत उभी राहिली, तिचे जादा सहा हजार थोरल्यानं दिले. त्या खरेदीच्या पावत्या कुणी जपल्या नाहीत.

घरी आल्यावर धाकट्यानं कुठूनतरी युरोपाच्या नियमाची माहिती काढली आणि कंपनीला पत्रं लिहायला बसला. पहिलं उत्तर अर्थातच नकाराचं आलं. मग दुसरं पत्र, तिसरं, बोर्डिंग पासच्या प्रती, आईची सही. चार महिने हे चाललं. शेवटी सात जणांचे मिळून ४,२०० युरो, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानं पावणेचार लाखांच्या वर, नेमके ३ लाख ७८ हजार रुपये, थोरल्याच्या खात्यात जमा झाले. खातं त्याचंच दिलेलं होतं, कारण बुकिंग त्याचं.

आणि घरातलं बोलणं कमी झालं.

थोरल्याचं म्हणणं सरळ होतं. सातातली सहा तिकिटं मी काढली, म्हणून सहा हिस्से माझे. धाकट्याचा एक त्याला देतो. त्यात काही कपट नव्हतं, हे मी आवर्जून सांगतो. ज्यानं सहा तिकिटांचे लाखो रुपये वर्षभर आधी गुंतवले, त्याला असं वाटणं साहजिक आहे. धाकट्याचं म्हणणं, चार महिने मी झगडलो नसतो तर एक पैसा आला नसता. शिवाय माझा कामाचा खाडा पडला, मी कंत्राटावर, काम नाही तर दाम नाही. बहीण म्हणाली, ‘माझं काही म्हणणं नाही.’ आई म्हणाली, ‘मला काय करायचेत पैसे? तुम्हीच घ्या.’

मग एका संध्याकाळी दोघे भाऊ माझ्याकडे आले. ‘चाचा, तुम्ही सांगा.’ आमच्या आळीत चार बुकं वाचलेल्या माणसाला ही शिक्षा असते. कविता कुणी ऐकत नाही, हिशेब मात्र सगळे विचारतात.

त्यांना मी दुसऱ्याच एका हिशेबाची आठवण करून दिली, कारण तो त्यांच्या वडिलांनी रोज केलेला होता. बोट मासळी घेऊन करंज्याला लागते. मासळी विकून पैसे येतात. ते काय लगेच माणसं मोजून वाटतात? नाही. आधी डिझेल, बर्फ, रेशन यांचा खर्च वजा होतो. ज्यानं तो आधी घातला त्याचा त्याला मिळतो. मग बोटीचा वाटा निघतो, जाळ्याचा निघतो, आणि मग खलाशांचे वाटे. प्रमाण जागोजागी वेगळं असेल, पण नाखव्यानं कधी असं म्हटलं नाही, की बोट माझी म्हणून समुद्रात रात्र काढणाऱ्या खलाशाचा वाटाही माझा. पैसा एकाच टोपलीतून येतो, पण तो कशाकशाबद्दल आला, ते आधी वेगळं काढतात.

विमानाच्या पैशांचंही हेच आहे. भरपाई या एका शब्दाखाली आपण तीन निराळ्या गोष्टी कोंबतो.

पहिली म्हणजे परतावा. उड्डाण रद्द झालं, तुम्ही गेलाच नाहीत, कंपनीनं तिकिटाचे पैसे परत केले. हे पैसे ज्यानं तिकीट काढलं त्याचे. तिकिटावर नाव बहिणीचं असेल, तरी पैसे भावाचे. कारण द्यायची ठरवलेली भेट पोचलीच नाही. तिथे थोरल्याचा दावा सोळा आणे खरा ठरला असता.

दुसरी म्हणजे झालेला खर्च. खाणं, औषध, गाडी, हॉटेल. हे ज्यानं खिशात हात घातला त्याचं. पावत्या असतील तर हा खर्च कंपनीकडून वेगळा मागता येतो. मूळ भरपाईत तो धरलेला नसतो. पावत्या हरवल्या तर घरातल्या घरात तो आधी वजा करायचा, बोटीच्या डिझेलसारखा.

तिसरी म्हणजे खोळंब्याची भरपाई. रात्रभर बाकावर बसल्याची, झोपमोडीची, आयुष्यातले अकरा तास गेल्याची. हे पैसे जो बसला त्याचे. तिकीट त्यानं काढलेलं असो, भावानं काढलेलं असो, की कचेरीनं.

इथे थोरल्यानं मला अडवलं. ‘पण तिकीटच मी काढलं नसतं, तर ती तिथे बसलीच नसती.’ मुद्दा बिनतोड वाटतो खरा. मी त्याला विचारलं, भाऊबीजेला बहिणीला साडी घातलीस. पहिल्याच धुण्यात तिचा रंग गेला, दुसऱ्या कपड्यांना लागला. दुकानदारानं साडीचे पैसे परत केले, तर तू म्हणू शकतोस, की माझे आहेत, तिला दुसरी घेतो. पण त्या रंगानं तिचे चार कपडे खराब झाले आणि दुकानदारानं त्याबद्दल काही वेगळं दिलं, तर ते तुझं कसं? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘साडीचं कळलं.’ म्हणजे विमानाचं अजून कळलं नव्हतं.

कायदाही थोरल्याच्या बाजूनं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक म्हणजे नुसता पैसे मोजणारा नव्हे; त्याच्या संमतीनं सेवा घेणाराही ग्राहकच. म्हणजे भावानं काढलेल्या तिकिटावर बसलेली बहीण स्वतःच्या नावानं तक्रार करू शकते. आणि हे तीन कप्पे मी घरी बसून पाडलेले नाहीत. २०१६ च्या जूनमध्ये राजस्थानातलं एक कुटुंब काश्मीर पाहायला निघालं. जम्मूपर्यंतची त्यांची रेल्वेगाडी चार तास उशिरा पोचली आणि श्रीनगरचं विमान चुकलं. टॅक्सी करून जावं लागलं. प्रकरण जिल्हा ग्राहक मंचापासून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ६ सप्टेंबर २०२१ रोजी रेल्वेचं अपील फेटाळलं गेलं. उशीर का झाला, ते रेल्वेला सांगता आलं नव्हतं. तिथे टॅक्सीचे पंधरा हजार, बुकिंगच्या खर्चाचे दहा हजार, मनस्तापाचे पाच हजार आणि दाव्याच्या खर्चाचे पाच हजार, अशी वेगवेगळी मोजदाद झाली. बघा, टॅक्सीचे पैसे ज्यानं टॅक्सीवाल्याला दिले त्याचे, दाव्याचे ज्यानं दावा लढवला त्याचे. मनस्तापाचे पाच हजार मात्र जेवढी माणसं ताटकळली, तेवढ्यांचे.

कुणाला जास्त त्रास झाला, यावरून हिस्से कमीजास्त करावेत का? धाकट्यानं हे विचारलं. आईचे गुडघे, ताईचं जागरण, त्याचा खाडा. माझं मत विचाराल तर करू नयेत. दुःख तराजूत घालायला गेलं, की ज्याचा आवाज मोठा त्याचं दुःख जड भरतं. कंपनीनं सगळ्यांना सारखे ६०० युरो दिले, त्यात शहाणपण आहे. खाड्याचं नुकसानही त्याच रकमेत आलं, असं समजायचं. मनानं कुणाला कुणाला जास्त द्यायचं असेल तर आपल्या वाट्यातून द्यावं, दुसऱ्याच्या नव्हे.

पत्रं लिहिणाऱ्याचं मात्र वेगळं आहे. ती मेहनत खोळंब्यानंतरची, सगळ्यांसाठी केलेली. हेच काम करून देणाऱ्या मध्यस्थ कंपन्या आहेत आणि त्या मिळालेल्या रकमेतून चांगला घसघशीत हिस्सा कापून घेतात. घरच्यानं केलं म्हणून ते फुकट, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे, आणि बहुतेक वेळा ते काम घरातल्या धाकट्याकडे किंवा सुनेकडे जातं.

आता ज्या गोष्टीनं मला खरं अस्वस्थ केलं, ती सांगतो. बहिणीचं ‘माझं काही म्हणणं नाही’ आणि आईचं ‘तुम्हीच घ्या’.

उरण-पनवेल हा भरपाईचा मुलूख आहे. इथल्या माणसानं शेतीपेक्षा मोबदल्याचे कागद जास्त पाहिले असतील. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, न्हावा-शेवा बंदरासाठी गेल्या, विमानतळासाठी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जे आंदोलन झालं, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. सरकारकडून आपला वाटा कसा घ्यायचा, हे आमच्या लोकांनी रक्त सांडून शिकून घेतलं. पण तो घरात आल्यावर कसा वाटायचा, हे कुणी शिकवलं नाही.

राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ सालचा एक आदेश आहे. बंदराच्या कामांनी समुद्रावरचं पोट गेलेल्या इथल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना मिळून ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये द्यावेत, असं त्यात म्हटलं होतं. दर कुटुंबाला सारखे, ५ लाख ८४ हजार. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तो भाग वेगळा. मला त्या आदेशातला हिशेब लक्षात राहिला. लवादानं कुटुंबं मोजली आणि सारखी वाटणी केली. कुटुंबाच्या आत जो जाळं ओढतो, जी मासळी डोक्यावर घेऊन बाजारात बसते, जी सुकवते, त्यांच्यात काय व्हायचं, ते लवाद कसं सांगणार? कायदा उंबरठ्यापर्यंत येतो. आत त्याला कुणी बोलावलं, तरच येतो.

जमिनीच्या वेळी आत काय झालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. सातबाऱ्यावर नाव थोरल्याचं, म्हणून पैसा थोरल्याच्या हाती. बहिणींना बोलावणं यायचं ते सहीला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीनं दिला, पण हक्कसोडपत्रावर सही घेतली की तो हक्क कागदावरच संपतो. त्या वेळीही बहिणी हेच वाक्य म्हणाल्या : माझं काही म्हणणं नाही. कारण म्हणणं असेल तर माहेरचा उंबरा तुटतो. जिला माहेर ठेवायचं आहे, तिचा नकार हा नकार नसतो, ती किंमत असते. आणि आईचं ‘मला काय करायचेत’ हे तिनं कधी विचारच न केलेलं वाक्य. उभ्या जन्मात तिला कुणी विचारलंच नव्हतं, की तुझ्या पैशाचं तू काय करशील.

विमानाच्या बुकिंगचा तो सहा अक्षरांचा नंबर मला आजचा सातबाराच वाटतो. सात माणसं, एक नंबर, एक कार्ड, एक खातं. रक्कम जमिनीच्या मानानं चिल्लर आहे, मान्य. पण चिल्लर वाटतानाच हाताला वळण लागतं. हीच भावंडं उद्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाच्या कागदांपुढे बसणार आहेत.

मी त्या दोघांना एवढंच सांगितलं, की आईला आणि ताईला ‘घेणार का?’ असं विचारू नका. असं विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे. त्यांच्या खात्यात भरा आणि मग सांगा, की भरले. त्यांना द्यायचे असतील तर त्या देतील. पण द्यायला आधी हातात असावे लागतात.

शेवटी हिशेब असा झाला. ३ लाख ७८ हजारांतून बहिणीच्या खर्चाचे ८ हजार आणि थोरल्यानं गाडीला दिलेले ६ हजार आधी काढले. धाकट्याच्या चार महिन्यांच्या लिखापढीचे १४ हजार ठरले. तो आकडा थोरल्यानंच सुचवला, हे मला आवडलं. उरले साडेतीन लाख, माणशी पन्नास हजार. थोरल्याच्या घरात चौघांचे दोन लाख आणि वर त्याचे सहा हजार. बहिणीला अठ्ठावन्न, धाकट्याला चौसष्ट, आईला पन्नास. थोरल्याच्या चौदा वर्षांच्या मुलीनं विचारलं, माझे पन्नास कुठे आहेत? तिला सांगितलं, आईबाप सांभाळतील. पण प्रश्न तिनं विचारला, हे बरं झालं. मुलांच्या नावानं आलेला पैसा टीव्हीत घालायच्या आधी निदान त्यांना सांगावं तरी.

बहिणीनं पुढे महिनाभरानं भाच्यांना सायकली घेतल्या. आईनं काय केलं, ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही आणि मुलांनीही विचारू नये, असं त्यांना बजावलं होतं.

आता कुपनांविषयी, कारण तो प्रश्न पुष्कळांपुढे येतो. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर माणसं दोन-दोन दिवस अडकली. फार हाल झालेल्या प्रवाशांना कंपनीनं पुढच्या प्रवासासाठी दहा हजारांची कुपनं जाहीर केली, बारा महिन्यांच्या मुदतीची. नियमाप्रमाणे देय असलेली भरपाई याहून वेगळी. अशी कुपनं अख्ख्या घराची मिळून एकाच्या फोनवर आली, तर ती वाटायची कशी? जो दर महिन्याला विमानानं फिरतो, त्याला दहा हजारांचं कुपन म्हणजे दहा हजार. जी आजी आयुष्यात एकदाच विमानात बसली, तिला तो कागद आहे. म्हणून कुपनांची वाटणी माणशी करू नये. फिरणाऱ्यानं कुपन ठेवावं आणि आजीला रोख द्यावेत. थोडे कमी दिले तरी चालतील, कारण कुपनाची मुदत संपायचा धोका तो घेतो आहे. नियमानुसार ठरलेली भरपाई मात्र रोखीनं किंवा बँकेतूनच मिळायला हवी; तिच्याऐवजी कुपन द्यायचं तर प्रवाशाची संमती लागते. घरात म्हातारं माणूस असेल तर ती संमती देऊ नये.

सहलीला निघायच्या आधी हे बोलून ठेवलं तर सगळ्यात बरं, पण आपल्याकडे तसं बोलणं अभद्र समजतात, हे मी जाणून आहे. निदान तिकीट काढताना प्रत्येक सज्ञान माणसाचा स्वतःचा मोबाइल नंबर कुठे घालता आला तर घालावा. दावा करताना ज्याचं त्याचं खातं द्यावं. एकाच खात्यात सगळे पैसे आले, की ते काढून द्यायला हात जड होतो. बोर्डिंग पास फेकू नये, उशिराचा संदेश पुसू नये, खाण्याच्या पावतीचा फोटो काढून ठेवावा. कंपनीनं पहिल्या पत्राला नकार दिला म्हणून थांबू नये. सरकारच्या एअरसेवा संकेतस्थळावर तक्रार करता येते. आणि ग्राहक आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. त्या तक्रारीवर आईचंही नाव घालावं आणि सही करण्याआधी तिला कागद वाचून दाखवावा.